उत्तन ते भाईंदर आणि परत, पाय न टेकता

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. उत्तनात आजवर कुणी ठेवलेला नाही, आणि त्यावाचून माझं एका घासाचंही अडलेलं नाही. फक्त एवढं ध्यानात घ्या की माझं नाव हरिश्चंद्र. असलं नाव घेऊन गावात फिरणाऱ्या माणसाला साधी एक थाप मारायची तर आधी किती तयारी करावी लागते, ते माझं मला ठाऊक.

तर ऐका. जगातली सगळ्यात आरामशीर सायकलची सीट मी बनवली. जपानात नाही, जर्मनीत नाही, इथं उत्तनच्या बंदरावर, या दोन हातांनी. आणि त्या सीटवर बसून मी उत्तनहून भाईंदरला गेलो आणि परत आलो. वाटेत एकदाही जमिनीला पाय लावला नाही. वय वर्षं त्र्याहत्तर.

परवा दुपारी हेच मी बंदरावर सांगत होतो. धर्माजीची डोल तुणायला घेतली होती. डोल म्हणजे आमचं मोठं जाळं, लांबलचक पिशवीसारखं. तोंड एवढं रुंद की आत टेम्पो जाईल, आणि मागं निमुळतं होत होत शेपटाशी जेमतेम कळशीएवढं. त्या शेपटाला आम्ही खोला म्हणतो. मासळी येऊन जमते ती तिथं. जाळ्याच्या एका टोकाला मी बसलो होतो, दुसऱ्या टोकाला धर्माजी. धर्माजी माझ्याच वयाचा. एका होडीवर आम्ही तीस वर्षं काढली, त्यामुळे माझं बोलणं ऐकताना चेहरा कसा करायचा हे त्याला न शिकवता येतं. पलीकडे बांबूच्या वलांडीवर दोन बायका बोंबील टांगत होत्या. एक शेजारची मंदा, दुसरी माझी हौसाबाई. हौसाबाईची माझ्याकडे पाठ होती.

"सीट बनवलीस ती बनवलीस," धर्माजी म्हणाला, "पण तुला सीट बनवायची वेळ आली कशी ते सांग आदी."

ते सांगतो.

होडीवर जायचं बंद झालं त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून माझं काम म्हणजे फाटलेली जाळी तुणणं. सकाळी सायकल काढायची, आधी उत्तनचं बंदर, मग चौकचं, मग पालीचं. जिथं जाळं फाटलंय तिथं मी हजर. चार होड्यांवर चार कप चहा, चार भांडणं ऐकायची, एखादं आपण लावून द्यायचं, दुपारी घरी. सायकल आहे म्हणून मी माणसांत आहे. ती गेली की मी घरातल्या खुर्चीत, समोर टीव्ही आणि मांडीवर सुनेनं सोलायला दिलेला लसूण. सून वाईट नाही. जागृती चांगली मुलगी आहे. पण तिच्याकडे लसूण फार.

मार्चमध्ये सायकलची जुनी चामड्याची सीट फाटली. पस्तीस वर्षं ती सीट माझ्या बुडाखाली होती. दोघं एकमेकांना असे सरावलो होतो की कुणाचा आकार कुणाला आला हे सांगता आलं नसतं. तिच्या जागी जी नवी बसवली ती पहिल्या दिवसापासून वैरीण. आता या वयात माझ्या बुडाला मांस राहिलेलं नाही, नुसती दोन हाडं. त्यामुळे पाच मिनिटं बसायचं, मग उतरायचं, जरा चालायचं, परत बसायचं. असाच एकदा मुर्ध्याच्या वळणावर उतरायला गेलो आणि आडवा झालो. मागून टेम्पो येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून आज तुम्हाला ही गोष्ट ऐकायला मिळतेय.

हे घरी कळलं. माझा मुलगा प्रणित बँकेत आहे. बँकेत असल्यामुळे त्याला आवाज चढवायची सवय नाही, अटी घालायची आहे.

"बाबा, ऐका," तो म्हणाला. "तुम्ही सायकल चालवताना पडत नाही. तुम्ही उतरताना पडता. आणि उतरता किती वेळा? सारखे उतरता. एक दिवस कुणाचा ब्रेक लागणार नाही. सायकल देऊन टाकूया."

"त्यापेक्षा मला देऊन टाक," मी म्हणालो.

"बरं, मग असं करूया. येत्या रविवारी सकाळी इथून भाईंदर स्टेशन आणि परत. मधे एकदाही पाय जमिनीला लावायचा नाही. जमलं तर सायकल तुमची, मी परत तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर अकरा वाजता भंगारवाला येतोय. मी त्याला बोलावून ठेवतोय."

"आणि मी पाय लावला की नाही हे बघणार कोण?"

"आई. ती विकीच्या रिक्षातून तुमच्या मागं येईल."

हौसाबाई तेव्हा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "रिक्षाचे पैसे बँकवाल्यानं द्यायचे." तेवढ्यावर ते ठरलं. तो दिवस सोमवार होता. माझ्या हातात सहा दिवस, आणि बुडाखाली ती वैरीण.

"सहा दिवसांत काय केलंस?" मंदानं वलांडीवरून विचारलं.

मंगळवारी भाईंदरला गेलो. स्टेशनजवळ चंदनचं सायकलचं दुकान आहे. पोरगा यूपीचा, पण आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा त्याला इथली गल्ली न् गल्ली जास्त माहीत. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे मागून पाहिलं, डॉक्टर बघतो तसं, आणि आतून एक जाडजूड सीट आणली. "काका, इसमें जेल भरा है. बैठोगे तो सोफा भूल जाओगे."

बसवली. आणि खरं सांगतो, सोफा विसरलो. पण एप्रिलचं ऊन, दुपारची वेळ, पालीच्या रस्त्यावर झाड नाही. सीटमधलं ते जेल तापलं, पातळ झालं आणि सगळंच्या सगळं डाव्या बाजूला वाहून गेलं. सीट डावीकडे कलली, मी डावीकडे कललो, सायकल डावीकडे वळली. मी हँडल उजवीकडे ओढतोय, ती डावीकडे जातेय. पालीला निघालो होतो, वळत वळत दहा मिनिटांत परत माझ्याच दारात. जागृती म्हणाली, "बाबा, लवकर आलात, बरं झालं." आणि लसूण पुढे केला.

"जेल म्हंजे काय बर्फाचा गोला हाय वितळायला?" धर्माजी म्हणाला.

"तू बसलायस कधी जेलवर?"

"न्हाय."

"मग गप बस."

बुधवारी चंदननं सीट बदलून दिली. ही रेसवाल्यांची. लांब, अरुंद, कडक, मधे फट. "काका, पूरा दुनिया का चॅम्पियन लोग इसपे बैठता है." मी म्हटलं, चॅम्पियन लोक बसत असतील, त्यांना घरी जाऊन परत बसायचं नसेल. वाकटी मासा माहीत आहे ना तुम्हाला? चपटा, तलवारीसारखा. त्याच्या धारेवर बसायचं म्हणजे ती सीट. बंदरापासून देवळापर्यंत गेलो आणि दोन दिवस पोटावर झोपलो. म्हणजे एकच रात्र झोपलो, पण दोन दिवसांची झोप झाली नाही, असा हिशेब.

गुरुवारी मी स्वतःचं डोकं चालवलं. मऊ म्हणजे काय? घरातली सगळ्यात मऊ वस्तू कुठली? सुकट. बारीक सुकवलेली कोळीम, हातात घेतली तर कापसासारखी. दीड किलो सुकट उशीच्या अभ्र्यात भरली, वैरीण परत बसवली आणि अभ्रा तिला बांधला. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. मग सुकट मोडली आणि तिचे काटे कापडातून वर आले, एकेक करून, सगळे मला ओळखत असल्यासारखे. आणि मागं मांजरं. मी मोजली. सत्तावन्न.

"आमचा बोका पण व्हता काय?" मंदानं विचारलं.

"तो सगळ्यांत पुढं. अभ्र्याची गाठ त्यानंच सोडली."

हौसाबाईनं पहिल्यांदा मान वळवली. "सुकट तू नेलीस? मी त्या जागृतीला बोलले!"

मी पटकन शुक्रवारवर आलो.

शुक्रवारी संध्याकाळी इथंच, याच जागी, धर्माजीच्या याच डोलीच्या ढिगाऱ्यावर मी अंग टाकलं. नुसतं टेकलो, आणि लक्षात आलं की काही दुखत नाही. एक हाड नाही, दुसरं हाड नाही. जाळं जिथं दाबावं तिथं दबत होतं आणि जिथं उचलावं तिथं उचलत होतं. मी टाचणी टोचल्यासारखा उठून बसलो. साठ वर्षं मी ज्याच्या गाठी मारतोय, ते सोडून मी चंदनच्या दुकानात काय करतोय?

वैरिणीवरचं रेक्झिन आणि फोम काढून टाकलं, खालची लोखंडी चौकट ठेवली. नायलॉनचा दोरा घेतला, जाळ्याची बांबूची सुई घेतली आणि शनिवारी सकाळी त्या चौकटीवर सीट विणायला बसलो.

आता इथं चूक झाली. चूक झाली हे मी कबूल करतो, कारण मी खोटं बोलत नाही. मी विणायला बसलो तेव्हा मनात सीट होती. पण हातांना कोण सांगणार? साठ वर्षं या हातांनी डोलच विणलीय. मी बोलत होतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होतो, आणि हात त्यांचं काम करत होते. पुढं रुंद तोंड. मग दर ओळीला दोन-दोन घरं कमी. निमुळतं, आणखी निमुळतं. संध्याकाळी खाली पाहिलं तर सायकलच्या चौकटीवर छोटीशी पण पुरी डोल विणलेली. तोंड पुढं हँडलकडे, आणि मागं कॅरियरच्याही पलीकडे दोन हात लोंबणारा खोला. त्याच्या टोकाला नेहमीची गाठसुद्धा मारलेली.

"मी आलो व्हतो तवा," धर्माजी म्हणाला. निदान एवढं तरी त्यानं मान्य केलं. "मी म्हटला, हरिश्चंद्रा, सीट विणलीस का बोंबील धरायला चाललास?"

तू हसलास. पण उसवून परत विणायला वेळ कुठे होता? रात्र गेली की रविवार.

सकाळी आठला मी दारातून निघालो. प्रणित दारात घड्याळ बघत उभा. जागृतीनं पाण्याची बाटली दिली, आणि कधी नव्हे ते मला वाकून नमस्कार केला, त्यामुळे मला जरा भीतीच वाटली. मागं विकीची रिक्षा, रिक्षात हौसाबाई, मांडीवर पिशवी. मी पाय टाकला, बसलो, आणि आत गेलो.

"आत म्हंजे?" मंदा.

आत म्हणजे जाळ्यात! डोल ती. तिचा धर्मच आत घ्यायचा. बसल्या बसल्या मी कमरेपर्यंत तिच्यात. गुडघे हनुवटीला. आता उतरायचं म्हटलं तरी उतरता येईना. घराच्या कोपऱ्यावरच सगळं संपतंय असं वाटलं. पण पाय पेडलवर होते, ते मी मारले. सायकल पुढं सरकली, वारा समोरून आला, डोलीच्या तोंडातून आत शिरला, आणि काय सांगू तुम्हाला! डोल भरली. समुद्रात ओहोटीचं पाणी भरतं तशी वाऱ्यानं टम्म फुगली आणि मला खालून अलगद वर उचललं. मी सीटवर नव्हतो. मी दोऱ्यावरही नव्हतो. मी वाऱ्यावर बसलो होतो. मंदा, तुझ्या घरची गादी, चंदनचा सोफा, सगळं त्याच्यापुढं दगड. माझी ती दोन हाडं वर्षानुवर्षं भांडत होती, ती गप झाली.

पण त्यात एक गोम होती. सायकल चालतेय तोवर आराम. थांबली की वारा जाणार, डोल मिटणार आणि मी परत आत. म्हणजे थांबायचंच नाही. प्रणितची अट काय होती? पाय लावायचा नाही. इथं पाय लावायची सोयच उरली नव्हती!

"थांब थांब," धर्माजीनं हातातली सुई खाली ठेवली. "वारा समोरून जाळ्यात शिरला तर जाळा मागं खेचल का तुला पुढं नेईल? मी काय पयल्यांदा डोल बघतोय?"

"तुझी डोल खुंटाला बांधलेली असते," मी म्हणालो. "हिला पेडल होते."

धर्माजीनं सुई परत उचलली. जाळ्यातल्या माणसाला जाळ्यातलं उत्तर दिलं की तो गप बसतो.

डोंगरीच्या उतारावर तर मी चार बोटं आणखी वर गेलो. मोर्वा आलं तसं मागं काहीतरी फडफडलं. पाहतो तर खोल्यात कोंबडी. मोर्व्याची कुणाची तरी. रस्ता ओलांडत होती, डोलीच्या तोंडातून आत आली आणि थेट शेपटाला. थांबून देणार कशी? राई गावात पाववाला सायकलवर समोरून आला, त्याचे सहा पाव आले. मुर्ध्याला, जिथं मी पडलो होतो त्याच वळणावर, मिठागरातून उडालेला एक बगळा आला. तो आत जाताना माझ्याकडे असा बघत गेला की जणू मीच त्याच्या वाटेत आलो.

"मग कोंबडी आन् बगळा भांडले नाय?" मंदा आता बोंबील हातात धरून नुसती उभी होती.

"पावांवरून जरा झालं."

भाईंदरमध्ये शिरलो तर सिग्नल लाल. सगळी गर्दी उभी. मी थांबू शकत नाही. मग काय, चौकाला फेऱ्या मारत राहिलो. अकरा फेऱ्या. ट्रॅफिकचा हवालदार पहिल्या फेरीला ओरडला, दुसऱ्या फेरीला शिट्टी वाजवली, तिसऱ्या फेरीला त्याची टोपी खोल्यात गेली. पाचव्या फेरीला तो हसायला लागला, आणि अकराव्या फेरीला त्यानं माझ्या एकट्यासाठी चारही बाजूंच्या गाड्या थांबवल्या आणि सॅल्यूट ठोकला. टोपी नव्हती, तरी ठोकला.

स्टेशनजवळ चंदननं मला लांबून पाहिलं. हातातला पंप टाकून तो माझ्याबरोबर धावायला लागला. "काका, रुको! ये सीट किसने बनाया?"

"रुकलो तर आत जाईन!"

"काका, मेरेको दस पीस बनाके दो!"

"आधी ही घरी नेऊ दे!"

स्टेशनला वळसा घातला आणि परत फिरलो. आता तुम्ही म्हणाल, जाताना झालं, येताना काय? येताना समुद्राकडून वारा सुटलेला, थेट छातीवर. चांगली तरुण पोरं गीअरच्या सायकली हातात धरून चालत होती. पण डोल लावायची ती प्रवाहाच्या तोंडावर, हे काय तुम्हाला सांगायचं? जसा वारा वाढला तशी ती फुगली, जशी फुगली तसा मी हलका झालो. राईच्या पुढं मागचं चाक जमिनीला लागतंय की नाही अशी शंका आली. डोंगरीचा चढ! उतरताना जो गोड वाटतो तोच चढ, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला, समोरून वारा, मागं खोल्यात कोंबडी, बगळा, सहा पाव आणि सरकारी टोपी. मी चढलो. बसल्या जागी, पाय टेकल्यावाचून, तोंडानं गाणं म्हणत.

दारात आलो तर प्रणित उभा, आणि त्याच्या शेजारी भंगारवाला, हातात काटा. काट्याच्या आकड्याकडे पाहिलं. मला दिसलं, माझी सायकल त्या आकड्याला उलटी लटकतेय. आणि थांबता तर येत नाही! घराला एक फेरी मारली, दोन मारल्या. प्रणित ओरडतोय, "बाबा, झालं, थांबा!" तिसऱ्या फेरीला डोक्यात प्रकाश पडला. डोल रिकामी कशी करतात? तिच्या तोंडातून कधी कुणी मासळी काढतो का? खोल्याची गाठ सोडतात! डावा हात मागं नेला, गाठ ओढली, आणि सगळा वारा भस्सकन मागून गेला. कोंबडी गेली, पाव गेले, बगळा गेला, टोपी तर थेट भंगारवाल्याच्या डोक्यावर बसली. आणि मी? सायकल आमच्या ओट्याला लागली, मी सीटवरून ओट्यावर सरकलो, मांडी घालून बसलो. जमिनीला पाय नाही!

रिक्षा येऊन थांबली. प्रणितनं विचारलं, "आई, खरं सांग. पाय लावला?"

हौसाबाई रिक्षातून उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, "एकदा पन न्हाय."

गल्लीत नुसता आरडाओरडा. पोरं नाचली, बायकांनी ओट्यावरून टाळ्या पिटल्या. प्रणितनं माझे दोन्ही खांदे धरले, मग स्वतःच्या हातानं सायकल उचलून पडवीत नेऊन ठेवली. बँकेतल्या माणसानं! भंगारवाल्याला चहा पाजून रिकाम्या काट्यानं परत पाठवला. आणि जागृतीनं लसूण सोलायला स्वतः घेतला.

मी थांबलो. मंदाच्या हातातला बोंबील अजून हातातच होता. असं होतं तेव्हा फार बरं वाटतं. हजार रुपयांची सुरमई जाळ्यात आल्यावर वाटतं तसं.

शेवटी धर्माजी उठला. माझी सायकल त्याच्याच होडीला टेकून उभी होती, त्या सीटसकट. त्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली. दोरा बोटानं दाबून पाहिला, खोला उचलून पाहिला, आत कोंबडीचं पीस सापडतंय का तेही पाहिलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मऊ लागतोय खरा."

"बस की," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "म्हणजे, आत्ता नको, आत्ता वारा नाहीय..."

पण धर्माजीनं लुंगी वर खोचली होती. त्यानं टांग टाकली आणि सगळं वजन सोडून बसला.

कट. कट. कट कट कट. एकेक गाठ अशी गेली जशी कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडतोय. धर्माजी दोऱ्यातून खाली उतरला आणि लोखंडी चौकटीवर जाऊन असा आदळला की त्याची किंकाळी चौकच्या बंदरापर्यंत गेली असावी. मंदा आणि मी धावलो, दोघांनी मिळून त्याला त्या भोकातून उपसून काढला.

"अरे हरिश्चंद्रा!" तो दोन्ही हात मागं धरून उभ्या जागी नाचत होता. "ही सीट माझा वजन पाच सेकंद धरत न्हाय, आन् तुझा भाईंदरपर्यंत धरला?"

"मी सांगितलं ना, तिच्यात वारा लागतो," मी म्हणालो. "आणि तू जरा जाडही..."

"माझ्या आन् तुझ्या वजनात दोन किलोचा फरक हाय!"

"बसायची एक पद्धत असते, धर्माजी. आधी उजवं हाड टेकवायचं, मग..."

वलांडीकडून बोंबलाची पाटी जमिनीवर आदळल्याचा आवाज आला. हौसाबाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे वळली होती. तिला इतकं हसू येत होतं की तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती एवढ्या मोठ्यानं बोलली की खाली लागलेल्या तिन्ही होड्यांवरच्या माणसांनी माना वर केल्या.

"खोटारडा! कसला हाड टेकवतोस, म्हाताऱ्या? मी मागं रिक्षात बसून सगळा बघितला ना! पयल्या कोपऱ्यावर बसायला गेलास, चार गाठी तुटल्या, तसा जो उठलास तो परत बसलास कुठं? जाताना उभा, येताना उभा, तो डोंगरीचा चढ पन उभ्यानं पेडल मारत चढलास! विकी रिक्षात तोंडात बोटा घालून बसला व्हता. सोळा किलोमीटर या मान्सानं सीटला बूड लावला न्हाय, आन् सांगतो कसा, सीट आरामशीर हाय म्हनून!"